सोडा अॅशच्या निर्मितीचा इतिहास : स्वस्त माल आणि टाकाऊ पदार्थांचा प्रश्न

प्रस्तावना

काच, साबण, कापड व कागद या चारही उद्योगांना लागणारे रसायन म्हणजे सोडा अॅश, अर्थात सोडियम कार्बोनेट होय. काचेच्या भट्टीत ते वाळू वितळण्याचे तापमान खाली आणते. त्यापासून तयार होणाऱ्या कॉस्टिक सोड्यामुळे तेलाचा साबण बनतो. अठराव्या शतकापर्यंत हा क्षार निसर्गातूनच मिळविला जाई. स्पेनमध्ये किनाऱ्यावरील क्षारयुक्त वनस्पती, तर स्कॉटलंडमध्ये समुद्रशैवाल जाळून त्यांची राख वापरीत. भारतात सज्जीखार प्रचलित होता. वऱ्हाडातील लोणार येथे काच व साबणाची सामग्री मिळत असल्याची नोंद ‘ऐन-इ-अकबरी’त आढळते.

लब्लां पद्धती

कापड व काच यांचे उत्पादन वाढू लागल्यावर राखेचा पुरवठा अपुरा पडू लागला. निकोला लब्लां या फ्रेंच वैद्याने मिठापासून सोडा तयार करण्याची पद्धती शोधून १७९१ मध्ये तिचे पेटंट मिळविले. या पद्धतीत मिठावर गंधकाम्लाची क्रिया करून सोडियम सल्फेट मिळवीत व ते चुनखडी आणि कोळशासह भट्टीत भाजीत. लब्लांचा आश्रयदाता ऑर्लेआंचा ड्यूक १७९३ मध्ये गिलोटिनवर गेला व कारखाना जप्त झाला. पुढे विपन्नावस्थेत लब्लांने १८०६ मध्ये आत्महत्या केली. त्याच्या शोधाचा खरा लाभ इंग्लंडला झाला. १८२० च्या दशकात तेथील मिठावरील कर रद्द झाल्यानंतर लिव्हरपूल, सेंट हेलेन्स व विडनेस या परिसरात सोड्याचे कारखाने वाढत गेले.

प्रदूषण आणि कायदा

या स्वस्त सोड्याची किंमत मात्र कारखान्याबाहेरील लोकांना मोजावी लागत होती. रासायनिक समीकरणानुसार एक टन सोड्यामागे सुमारे ६९० किलो हायड्रोजन क्लोराइड वायू निर्माण होतो. तो धुराड्यातून हवेत सोडला जाई. त्यामुळे सभोवतालची झाडे व पिके करपत. भट्टीतील उरलेल्या गाळाच्या ढिगांतून दुर्गंधी पसरे. विल्यम गॉसेज याने १८३६ मध्ये हा वायू मनोऱ्यात पाण्याने शोषून घेण्याची युक्ती काढली. परंतु तिचा वापर सर्वत्र होण्यासाठी कायद्याची गरज भासली. १८६३ च्या अल्कली कायद्याने किमान ९५ टक्के वायू अडविणे बंधनकारक केले आणि त्यासाठी सरकारी निरीक्षक नेमले. अडविलेल्या आम्लापासून क्लोरीन व त्यापासून विरंजक चूर्ण तयार करण्याच्या वेल्डन व डीकन यांच्या पद्धती १८६० च्या दशकातच पुढे आल्या. त्यामुळे हवेत सोडला जाणारा वायू कापड व कागद उद्योगांचा कच्चा माल ठरला.

सॉल्वे पद्धती

बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्वे याने १८६१ मध्ये अमोनिया, मीठ व चुनखडी यांवर आधारलेल्या पद्धतीचे पेटंट घेतले. तीत अमोनिया पुनःपुन्हा वापरता येतो व गंधकाम्ल लागत नाही. साहजिकच सोड्याच्या बाजारात लब्लां पद्धती मागे पडली. तरीही विरंजक चूर्णाच्या विक्रीमुळे ती आणखी काही दशके तग धरून राहिली. भारतात तत्कालीन बडोदा संस्थानातील ओखामंडळात, मिठापूर येथे, टाटा केमिकल्सची स्थापना १९३९ मध्ये झाली. समुद्राचे मीठ व जवळची चुनखडी ही त्या स्थळाची अनुकूलता होती. सॉल्वे पद्धतीही सर्वस्वी निर्दोष नाही. तीत एक टन सोड्यामागे एक टनाहून अधिक कॅल्शियम क्लोराइड उरते.

निष्कर्ष

सोड्याचा हा इतिहास केवळ संशोधकांच्या प्रतिभेचा इतिहास नाही. वायू शोषून घेण्याचे तंत्र उपलब्ध होऊनही कायदा येईपर्यंत सत्तावीस वर्षे लोटली. टाकाऊ पदार्थाचा भार शेजाऱ्यांवर ढकलता येतो, तोवर उद्योगाला त्याची किंमत जाणवत नाही. तो भार उत्पादकावर पडला, तेव्हा त्याच पदार्थाचे मोल शोधले गेले. म्हणूनच कोणत्याही रसायनाच्या स्वस्ताईचा विचार करताना त्याच्या निर्मितीतून काय उरते व ते कोणाच्या वाट्याला येते, हे तपासणे अगत्याचे ठरते.