तक्रार कोणाकडे करायची? पोलिसांविरुद्धच्या तक्रारीचा इतिहास



आजचा विषय आपल्या नंदुरबारमध्ये कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. धडगाव असो, अक्कलकुवा असो की शहादा, पोलिसाविरुद्ध तक्रार करायला निघालेल्या माणसाला घरचे पहिला प्रश्न विचारतात तो ‘खरं आहे का?’ हा नसतो. ‘पुढे काय होईल?’ हा असतो. आणि मग कोणीतरी म्हण सांगतो, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये.

या म्हणीला आपण भित्रेपणा म्हणतो. मला तसं वाटत नाही. कित्येक पिढ्यांच्या अनुभवातून काढलेला हा निष्कर्ष आहे. तो कुठून आला आणि आजही बरोबर आहे का, एवढंच आज पाहू.

सुरुवात 1855 पासून करू. त्या वर्षी मद्रास इलाख्यात सरकारी नोकरांकडून होणाऱ्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. सारावसुलीसाठी आणि कबुलीसाठी लोकांना यातना दिल्या जातात, हे आयोगाने मान्य केलं. पण आयोगाला त्याहून जास्त अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ज्याचा छळ झाला त्याला दाद मागणं जवळजवळ अशक्य होतं. छळ करणारा आणि दाद देणारा एकाच व्यवस्थेत बसलेले होते. पुढे 1861 चा पोलीस कायदा आला, आपल्या मुंबई इलाख्याचा स्वतंत्र कायदा 1890 मध्ये झाला आणि आज लागू आहे तो 1951 चा. शिस्त, हुद्दे, देखरेख सगळं बांधून झालं. पण तक्रारीचा पत्ता तोच राहिला: शिपायाविरुद्ध फौजदाराकडे, फौजदाराविरुद्ध साहेबाकडे.

याच 1951 च्या कायद्यातलं कलम 161 बघा. अधिकाराच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायचा, तर सर्वसाधारण मुदत 6 महिन्यांची; त्यापुढे, 2 वर्षांच्या आत, सरकारची पूर्वपरवानगी लागते. आता घाबरलेला माणूस काय करतो? थांबतो. प्रकरण निवळू दे, साहेबाची बदली होऊ दे, असं म्हणतो. भीती त्याला थांबवते आणि मुदत मात्र थांबत नाही.

सूड म्हणजे नेमकं काय, हे समजायला शेजारच्या गुजरातमधलं नडियादचं प्रकरण घेऊ. एन. एल. पटेल तिथले मुख्य न्यायदंडाधिकारी होते. पोलीस समन्स बजावत नाहीत, कोर्टाला सहकार्य करत नाहीत, म्हणून त्यांनी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे तक्रार केली. 25 सप्टेंबर 1989 च्या संध्याकाळी तिथल्या पोलीस निरीक्षकाने त्यांना ठाण्यात बोलावलं. तिथे त्यांना मारहाण झाली, जबरदस्तीने दारू पाजली गेली, बेड्या घातल्या, दोरखंडाने बांधलं, त्या अवस्थेत फोटो काढला. आणि मग गुन्हा नोंदवला: दारूबंदी कायद्याखाली! हा कायदा 1949 चा, जुन्या मुंबई राज्याचा. तेव्हा नडियाद आणि नंदुरबार एकाच राज्यात होते.

इथे जरा थांबू. गुन्हा नोंदवला होता, पंचनामा होता, वैद्यकीय तपासणी होती. कागद पाहिला तर एक माणूस दारू पिऊन सापडला. सूड कायद्याचे कपडे घालून येतो, तो असा. म्हणून तो सिद्ध करणं इतकं कठीण. चॅप्टर केस, तडीपारीची नोटीस, जुन्या गुन्ह्यात चौकशीला बोलावणं, प्रत्येक कागद एकेकटा पाहिला तर कायदेशीर असू शकतो. शंका येते ती तारखा शेजारी शेजारी ठेवल्यावर. अर्थात, तक्रारदारावर आलेली प्रत्येक कारवाई सूडच असते, असंही म्हणता येणार नाही. म्हणून तर तपास तिसऱ्याने करायला हवा.

पटेल यांना तो तिसरा मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींकडून चौकशी करवली, 11 सप्टेंबर 1991 च्या निकालात पटेल यांच्यावरचे गुन्हे रद्द केले आणि निरीक्षकाला न्यायालयाच्या अवमानाबद्दल 6 महिन्यांची कैद दिली. न्यायाधीशाला अटक कशी करावी, याचे नियमही घालून दिले. तुमच्या-माझ्या अटकेचे तसे नियम न्यायालयाकडून यायला डी. के. बसू खटल्याचा 1996 चा निकाल उजाडावा लागला.

मग ज्याच्या पाठीशी न्यायाधीशाचं पद नाही, त्याचं काय? 26 मार्च 1972, देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. मथुरा या आदिवासी मुलीने ठाण्यातल्या पोलिसांवर अत्याचाराचा आरोप केला. ठाण्याबाहेर संतापलेला जमाव उभा होता, ठाणं जाळण्याची भाषा करत होता. हेड कॉन्स्टेबलला बोलावून घेतलं गेलं, त्याने जमावाला समजावलं आणि मग तिची फिर्याद लिहून घेतली. ती एकटी असती तर? सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आरोपींना सोडलं. तिच्याच वागण्यावर बोट ठेवलं. त्यावर 1979 मध्ये चार कायदेअभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांतल्या एक वसुधा धागमवार, ज्यांनी आपल्या अक्राणी भागातल्या आदिवासींना कायदा कसा भेटतो, याचाही अभ्यास केला. त्या पत्रामुळे देशभर चळवळ उभी राहिली आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

दोन्ही प्रकरणांत तक्रारदाराला वाचवलं किंवा निदान ऐकवलं ते एकट्याच्या धैर्याने नव्हे. ठाण्याबाहेरचं कोणीतरी होतं: एकीकडे न्यायालय, दुसरीकडे जमाव आणि नंतर अभ्यासक. धाडस कर, असं सांगणं सोपं असतं. ज्याला त्याच गावात राहायचंय, त्याला दुसरा पत्ता द्यावा लागतो.

हे सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 च्या प्रकाश सिंह निकालात ओळखलं आणि राज्य व जिल्हा पातळीवर स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायदा दुरुस्त केला, पण जिल्ह्याऐवजी विभाग धरला. आपला विभाग नाशिक. तोरणमाळच्या पाड्यावरून नाशिक गाठायचं म्हणजे किती मजुऱ्या बुडतात, याचा हिशोब इथे बसलेल्यांनीच करावा. 1855 मध्येही दाद मागणं हे अंतराचं आणि खर्चाचं दुखणं होतंच.

1 जुलै 2024 पासून नवी फौजदारी संहिता आली. तिच्यात कोणत्याही ठाण्यात, हद्द न पाहता, गुन्ह्याची खबर देता येते. ठाण्याने नाकारलं तर अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवता येते आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पण कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारी नोकराविरुद्ध तपासाचा आदेश देण्यापूर्वी, कलम 175(4) नुसार, त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आणि त्याचं स्वतःचं म्हणणं विचारात घ्यायचं आहे. म्हणजे कागद दुसऱ्या दाराने गेला तरी फिरून पुन्हा त्याच घरात डोकावतो.

म्हणून जुनी म्हण अजून पूर्ण खोटी ठरलेली नाही. तोवर करता येण्यासारखं साधं आहे: एकट्याने जाऊ नका, अर्जाची पोच तारखेसह घ्या, नंतर आलेली प्रत्येक नोटीस तिच्याशेजारी जपून ठेवा. नडियादचा न्यायाधीश ठाण्यात एकटाच गेला होता.