ओढणं सोपं, ढकलणं अवघड

शहापूर-आसनगावच्या पट्ट्यात महामार्गालगत थोडा वेळ उभं राहिलं, तर चाळीस फुटी कंटेनर लादलेले ट्रेलर एकामागोमाग जाताना दिसतात. पुढे जाणारा ट्रेलर आपल्याला अवघड वाटत नाही. त्याची खरी परीक्षा असते ती शेवटच्या पन्नास फुटांत, जेव्हा गोदामाच्या ओट्याला त्याला पाठमोरं लावायचं असतं. हे काम इतकं अवघड का, याचं उत्तर याच भागाच्या इतिहासात सापडतं. इथल्या वाहतुकीने शतकानुशतकं हा प्रश्न टाळला होता.

सुरुवात मुरबाडपासून करू. वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची वाट वर जुन्नरकडे चढते. सातवाहनांच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, कोकणातल्या बंदरांचा माल या वाटेने देशावर जाई. दगडी पायऱ्यांच्या वाटेवर चाकं चालत नाहीत. ओझं जनावराच्या पाठीवर असे. जनावराला परत फिरायचं असेल तर ते जागच्या जागी वळतं, प्रश्न मिटला.

सपाटीवर बैलगाडी होती. बैल गाडी ओढतो, पण ती मागे ढकलणं त्याला मानवत नाही. म्हणून अडचणीच्या जागी बैल सोडायचे, जू हातात धरायचं आणि चार माणसांनी गाडी मागे रेटायची.

मग रेल्वे आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८६५ साली कसाऱ्याहून थळ घाट चढून इगतपुरीला पोचली. चढ ३७ फुटांना एक फूट. सरळ चढायला डोंगराने जागाच दिली नाही, म्हणून बोरघाटासारखंच इथेही ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधलं. गाडी तिथे येऊन थांबे. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडत आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण घेई. ही युक्ती बैलगाडीचीच होती: ओढणारा सोडायचा. शिवाय डबे रुळांवर असल्यामुळे भरकटण्याची भीती नव्हती.

कंटेनरच्या ट्रेलरला यातलं काहीच करता येत नाही. पुढचा भाग, म्हणजे घोडा, ओढण्यासाठी बनवलेला असतो, आणि इथे त्यालाच ढकलायला लावायचं असतं. ओढताना मागचा भाग आपोआप रेषेत येतो. ढकलताना उलट होतं. दोन भाग एका पिनवर जोडलेले, त्यामुळे त्यांच्यात जरासा कोन पडला की तो वाढतच जातो. वेळेत सावरलं नाही तर घोडा आणि ट्रेलर घडीच्या चाकूसारखे मिटतात. ट्रेलरची शेपूट डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवायचं. हवा तो कोन मिळाला की लगेच डावीकडे फिरवून घोड्याने ट्रेलरचा पाठलाग करायचा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. उजव्या बाजूला मागे घेताना त्याला शेपूट दिसते, डावीकडे घेताना कोन वाढला की आरशात ट्रेलरचा पत्राच दिसतो. तेव्हा मागे उभा असलेला क्लीनर त्याचा डोळा होतो: “येऊ दे, येऊ दे... बस्स!”

गावात ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेतलेल्या पोराला हे थोडंफार माहीत असतं. पण आखूड ट्रॉली चटकन वळते, लांब ट्रेलर सावकाश. हाताची सवय बदलावी लागते.

आता १९८९ सालाकडे या. त्या वर्षी न्हावा-शेवा इथलं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि कंटेनरची वाट आपल्या भागाकडे वळली. त्याच वर्षी केंद्रीय मोटार वाहन नियम आले. लायसन्सच्या चाचणीत त्यांनी या विद्येला जेमतेम एक कलम दिलं: गाडी मागे घेऊन डावी-उजवीकडच्या मर्यादित जागेत, ताबा ठेवून, पुरेशा अचूकपणे घालता आली पाहिजे. ती शिकवायची कोणी, कुठे, किती दिवस, हे त्या कलमात नाही.

आणि त्याच वर्षी अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठात, डेरिक न्गुयेन आणि बर्नार्ड विड्रो यांनी न्यूरल नेटवर्कला नेमकं हेच शिकवलं: ट्रेलर मागे घेऊन डॉकला लावणं. आज आपण ज्याला एआय म्हणतो, त्याच्या इतिहासातलं हे गाजलेलं उदाहरण आहे. त्यांनी आधी सोपे धडे दिले, ट्रेलर डॉकच्या जवळ आणि सरळ. मग हळूहळू लांबून, वाकड्या कोनातून. शिकायला सुमारे वीस हजार प्रयत्न लागले. सगळे संगणकातच असल्यामुळे एकाही चुकीत पत्रा चेपला नाही, कोणी दगावलं नाही.

क्लीनरचा ड्रायव्हर होताना शहापूर-मुरबाडच्या पोराच्या वाट्याला काय येतं? रात्री गोदामाची गल्ली मोकळी असली आणि उस्तादाची मर्जी असली, तर दोन-चार प्रयत्न. तेही खऱ्या गाडीवर, मालकाच्या मालासकट. चूक झाली की पगारातून कापतात. मागे माणूस उभा असेल तर किंमत त्याहून मोठी.

फरक अकलेचा नाही. यंत्राला चुकण्याची मोकळीक होती आणि सोप्याकडून अवघडाकडे नेणारा क्रम होता. पोराला तेवढंच द्यायला फार काही लागत नाही: एक मोकळं मैदान, एक जुना रिकामा ट्रेलर, चार पिंपं आणि हात बसलेला एक म्हातारा ड्रायव्हर.