धर्म सोडून सुटका

१९२०च्या दशकात पंजाबातल्या कोर्टांपुढे एक विलक्षण प्रकार वरचेवर येऊ लागला. नवऱ्याच्या जाचाला विटलेली मुसलमान बाई ख्रिस्ती व्हायची आणि धर्म बदलला म्हणून कोर्ट तिचं लग्न मोडलं असं मानायचं. बाप्तिस्म्याचा दाखला हाच तिचा तलाकनामा. कवी इक्बालनीही आपल्या व्याख्यानांत या प्रकाराचा उल्लेख केला, तोही जगजाहीर गोष्टीसारखा.

ही वेळ आणली हिंदुस्थानात रूढ असलेल्या हनफी कायद्यानं. नवरा मनात येईल तेव्हा तलाक देई. बाईला मात्र ‘खुला’, म्हणजे तिनं मागितलेली फारकत, हवी असली, तर मेहेर सोडायची तयारी असली तरी त्याचा होकार लागे. मारतो, उपाशी ठेवतो, एवढ्यावर काझीला लग्न मोडता येत नसे. नवरा परागंदा झाला, तर त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत तिनं वाट पाहायची. काही शास्त्रकारांनी त्याच्या वयाची नव्वदी ही मर्यादा धरली होती! इस्लाममधल्याच मालिकी पंथाला मात्र चार वर्षं पुरत, आणि छळ शाबीत झाला की काझी बाईला मोकळी करी.

मौलाना अशरफ अली थानवी हे काही सुधारक नव्हेत. बायकांनी नवऱ्याच्या आज्ञेत राहावं, असं सांगणारं ‘बहिश्ती जेवर’ हे पुस्तक त्यांचंच. पण बायका धर्मच सोडू लागल्या, तेव्हा त्यांनी मदिनेच्या मालिकी मुफ्तींची मतं मागवली आणि त्यांच्या आधारे पुस्तक लिहिलं. चिंता बाईच्या पाठीवरच्या वळांची कमी, धर्माची जास्त.

याच मालिकी मतांच्या आधारे मुहम्मद अहमद काझमींनी कायदेमंडळात मांडलेलं विधेयक १९३९ साली मंजूर झालं. दोन वर्षं पोटगी न देणं, चार वर्षं बेपत्ता असणं ही घटस्फोटाची कारणं ठरली. क्रौर्य हेही कारण ठरलं. त्यात नेहमीची मारहाण तर आलीच. हात न उगारता जगणं असह्य करणं, बायकोची मालमत्ता परस्पर विकणं, कुराणाप्रमाणे सवतींना समान न वागवणं हेही आलं. केवळ धर्मांतरानं लग्न मोडण्याची वाट मात्र कायद्यानं जवळजवळ बुजवली. निवाडा मुसलमान न्यायाधीशानंच करावा, ही उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची, अट वगळल्यानं ते नाराज झाले.

१९५९ साली इतवारी नावाचा नवरा, दुसरं लग्न करून, पहिल्या बायकोनं नांदायला यावं म्हणून अलाहाबाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. सवत आणणं हे क्रौर्य कसं नाही, ते नवऱ्यानंच पटवून द्यावं, असं न्यायमूर्ती धवन यांनी सुनावलं आणि त्याचं अपील फेटाळलं.