सगळं ओरिजिनल आहे ना? एका बासमनची आणि त्याच्या दुरुस्तीची गोष्ट

आजच्या भागात गाणी कमी आणि वायरी जास्त आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. विषय आहे गिटारचा जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर. साठ-पासष्ट वर्षांचा असा ॲम्प कुठे निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "सगळं ओरिजिनल आहे ना?" व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करता करता मी या ॲम्पच्या नादाला लागलो, आणि हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय, की त्याचं उत्तर इतिहासात शोधायचं ठरवलं. त्यासाठी एकच ॲम्प घेऊ या. फेंडर कंपनीचा बासमन, सर्किट क्रमांक ५एफ६-ए, १९५८ ते १९६० या काळातला.

आधी थोडं व्हॉल्व्हबद्दल. हवा काढून टाकलेली काचेची नळी. आत एक तापणारी तार, तिच्याभोवती कॅथोड, आणि बाहेरच्या बाजूला प्लेट. कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि शेकडो व्होल्टच्या प्लेटकडे धावतात. मध्ये असते एक जाळी, तिला ग्रिड म्हणतात. ही जाळी ली डी फॉरेस्ट या अमेरिकन माणसाने १९०६ च्या सुमारास बसवली आणि तिथून ॲम्प्लिफायरचं युग सुरू झालं. कालव्याच्या दारासारखं समजा. दार चिमूटभर हलवायला ताकद लागत नाही, पण पलीकडे पाण्याचा लोंढा तेवढ्याने कमी-जास्त होतो. गिटारच्या तारेचा क्षीण विद्युत संदेश ग्रिडवर जातो आणि प्लेटवरून तोच मोठा होऊन बाहेर पडतो. व्हॉल्व्ह म्हणजे झडप, हे नाव उगीच पडलेलं नाही.

आता जाऊ कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी. क्लॅरन्स लिओनिडास फेंडर, म्हणजे लिओ फेंडर, मूळचा हिशेबनीस. महामंदीच्या काळात नोकरी गेली आणि १९३८ मध्ये त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. गंमत म्हणजे या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. पण दुकानात येणाऱ्या वादकांचे ॲम्प आणि लाउडस्पीकर उघडून उघडून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती: यंत्र बिघडणारच आहे. रात्री कार्यक्रमात बंद पडलं, तर दुसऱ्या दिवशी कुठल्याही गावातल्या रेडिओवाल्याला ते उघडून दुरुस्त करता आलं पाहिजे.

पुढे १९४६ मध्ये त्याने स्वतःची वाद्यांची कंपनी काढली, तेव्हा हेच तत्त्व त्याच्या ॲम्पमध्ये उतरलं. सर्किट बरंचसं व्हॉल्व्ह कंपन्यांनी छापलेल्या माहितीपुस्तिकांच्या वळणाचं. भाग असे, की जे रेडिओच्या दुकानात सहज मिळतील. ते एका फायबरच्या पट्टीवर, पितळी डोळ्यांमध्ये सोल्डर केलेले, ओळीत मांडलेले. पेटीच्या आत एक कागद चिकटवलेला असे, त्यावर कुठल्या जागी कुठला व्हॉल्व्ह ते छापलेलं. त्याच कागदावर दोन अक्षरांचा शिक्का असतो. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. 'ए' म्हणजे १९५१ इथून मोजायचं. 'एच-सी' असेल तर १९५८ चा मार्च. काही ॲम्पमध्ये चिकटपट्टीचा तुकडा सापडतो आणि त्यावर जोडणी करणाऱ्या बाईचं पहिलं नाव, तिच्याच हाताचं. लिओ फेंडरचं नाव जगाला माहीत आहे. या बायकांची ओळख बहुतेक वेळा तेवढ्या चिकटपट्टीपुरतीच उरते.

बासमन आला १९५२ मध्ये, नावाप्रमाणे बेस गिटारसाठी. लिओने आदल्याच वर्षी प्रिसिजन बेस बाजारात आणला होता, त्याला जोडीदार हवा होता. सुरुवातीला एकच १५ इंची स्पीकर होता. पुढे दशकाच्या मध्यावर १० इंची चार स्पीकर आले. ५एफ६-ए या सर्किटपर्यंत पोचेस्तोवर ताकद सुमारे ४० वॉट झाली होती. हेतू एवढाच, की बेसचा आवाज मोठा आणि स्वच्छ यावा. आणि झालं काय? गिटारवाल्यांनी तो पळवला. आवाज पूर्ण चढवला की व्हॉल्व्ह आपल्या मर्यादेला टेकतात, लाटेची टोकं चेपली जातात आणि स्वर जाडसर, खरखरीत, गाणाऱ्या गळ्यासारखा होतो. तांत्रिक भाषेत तो दोषच, पण तोच वादकांना हवासा वाटायला लागला.

इथे गोष्ट समुद्र ओलांडते. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल नावाच्या ड्रमवादकाने १९६० मध्ये वाद्यांचं दुकान काढलं. तिथे येणाऱ्या तरुण गिटारवाल्यांना अमेरिकन फेंडर हवे होते, पण आयात केलेला माल परवडायचा नाही. मार्शलच्या दुकानात दुरुस्तीचं काम बघायचा केन ब्रॅन. त्याच्या जोडीला डडली क्रेवन हा तरुण इलेक्ट्रॉनिक्सवाला. त्यांनी बासमन उघडला, वाचला आणि १९६२ मध्ये तसाच आपला ॲम्प बांधला. पुढे तो जेटीएम४५ म्हणून प्रसिद्ध झाला.

"तसाच" म्हटलं खरं, पण भाग इंग्लंडमध्ये मिळतील ते. पहिल्या जागी बासमनमध्ये १२एवाय७ व्हॉल्व्ह होता, त्याचा वर्धनांक ४४. मार्शलमध्ये तिथे बसला ईसीसी८३, त्याचा वर्धनांक १००. शेवटच्या टप्प्यात अमेरिकन ५८८१ च्या जागी लवकरच ब्रिटिश केटी६६ आले. ट्रान्सफॉर्मर वेगळे. चार स्पीकर १० इंची नाहीत, १२ इंची, तेही मागून बंद पेटीत. कागदावर सर्किट जवळजवळ तेच आणि आवाज दुसराच! १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलबरोबरच्या 'ब्लूज ब्रेकर्स' अल्बमवर याच घराण्यातला मार्शल वाजवला, आणि रॉक गिटारचा आवाज कसा असावा याची एका पिढीची कल्पना बदलली.

म्हणजे बघा, बासमन हा रेडिओच्या दुकानातून शिकलेल्या माणसाने बांधला, आणि मार्शल हा बासमन उघडून वाचलेल्या माणसांनी. झाकण काढलं की आतलं सगळं समजतं, या एका गुणावर ही सगळी परंपरा उभी आहे. आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ.

साठ-पासष्ट वर्षांनी असा ॲम्प टेबलावर येतो तेव्हा आत काय झालेलं असतं? सगळ्यात आधी जातात फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्यांच्या आत ओलसर रसायन असतं, ते वर्षानुवर्षं सुकत जातं. मग गुंऽऽ असा आवाज येतो. पुढे कंडेन्सर शॉर्ट झाला तर ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. कार्बनचे रेझिस्टर दमट हवेने आणि उष्णतेने किंमत बदलतात, बहुधा वाढवतात. बायसचा छोटासा कंडेन्सर मेला तर शेवटच्या व्हॉल्व्हवरचा ताबा सुटतो आणि त्यांच्या प्लेटा चुलीतल्या निखाऱ्यासारख्या लाल होतात.

आणि एक भाग तर माणसाच्या जिवावर उठणारा आहे. त्या काळच्या अमेरिकन ॲम्पला दोनच पिनांचा प्लग असायचा, अर्थिंग नाही. घरघर कमी व्हावी म्हणून मेनची एक बाजू आणि लोखंडी चॅसिस यांच्यामध्ये एक कंडेन्सर जोडलेला असे. तो शॉर्ट झाला तर चॅसिसवर मेनचा करंट येतो, तिथून केबलमधून गिटारच्या तारांवर. वादकाची बोटं तारांवर आणि ओठ माइकला लागले की सर्किट पूर्ण! मेकॅनिक लोक त्याला 'डेथ कॅप' म्हणतात. हा भाग शंभर टक्के ओरिजिनल असतो. तो ठेवायचा का? माझ्यापुरता वाद इथेच संपतो. डेथ कॅप काढायचा, तीन पिनांची वायर लावायची, अर्थिंग थेट चॅसिसला.

कामाची पद्धत आपल्याकडच्या रेडिओ मेकॅनिकना अगदी ओळखीची आहे. जुना सेट थेट प्लगला लावायचाच नाही. मध्ये सिरीज बल्ब. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. अमेरिकन ॲम्प ११७ व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० व्होल्ट; मध्ये स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर हवाच. आणि प्लग काढला म्हणजे धोका गेला असं समजू नका. फिल्टर कंडेन्सरमध्ये चारशेहून जास्त व्होल्ट साठून राहू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवायचे, मीटरने शून्य बघायचं, मगच हात आत. ज्यांनी हे काम कोणाच्या शेजारी बसून शिकलेलं नाही, त्यांनी फक्त हा भाग ऐकून झाकण उघडू नये, ही कळकळीची विनंती.

मग ठेवायचं काय? ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, लाकडी पेटी, ट्वीडचं कापड, ती फायबरची पट्टी, तो कागद आणि ती चिकटपट्टी. स्पीकरच्या कडेवर आकडे असतात, तेही पुसायचे नाहीत. २२०८३२ असेल तर २२० म्हणजे जेन्सन कंपनी, ८ म्हणजे १९५८, ३२ म्हणजे बत्तिसावा आठवडा. पिवळे ॲस्ट्रॉन कंडेन्सर मीटरवर डीसी गळती दाखवत नसतील तर राहू द्यायचे. रेझिस्टर थोडा सरकला असेल तर तोही राहू दे. नवे असतानाच ते दहा-वीस टक्के इकडे-तिकडे असत, त्यामुळे एकाच दिवशी बनलेले दोन बासमनही तंतोतंत सारखे नव्हते. जे काढलं ते फेकायचं नाही. पाकिटात घालायचं, चिठ्ठीवर तारीख आणि कारण लिहायचं, पाकीट पेटीतच ठेवायचं. पुढच्या मेकॅनिकला आपला निर्णय पटला नाही, तर त्याला मागे जाता आलं पाहिजे.

व्हॉल्व्ह तर मुळातच बदलण्यासाठी होते, म्हणून ते सोल्डर न करता सॉकेटमध्ये बसवतात. एके काळी आपल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही व्हॉल्व्ह बनत. आज जगभरात मोजकेच कारखाने उरलेत, मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकियात. या ॲम्पांचं आयुष्य आता त्यांच्यावर अवलंबून आहे.

फेंडरने १९९० मध्ये बासमन पुन्हा काढला. दिसायला तसाच, पण आत छापील सर्किट बोर्ड. वाजतो छान. पण लिओच्या दुकानातली ती मोकळी, एकेक भाग सुटा करता येणारी मांडणी त्यात नाही. उलट जुन्या बासमनमध्ये फिल्टर कंडेन्सर तिसऱ्यांदा बदललेले असले, तरी ज्या विचाराने तो बांधला गेला तो विचार शाबूत असतो. म्हणून आता कोणी विचारलं, "ओरिजिनल आहे ना?", तर मी झाकण काढून दाखवतो आणि सांगतो, हे त्या बायकांनी जोडलेलं, हे नंतरच्या कोणीतरी बदललेलं, हे मी बदललेलं, आणि पाकीट इथे आहे.

तुमच्या घरात माळ्यावर एखादा व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा ॲम्प पडून असेल, तर हौसेने प्लगला लावू नका. आधी आतल्या कागदाचा फोटो काढून ठेवा, आणि जवळपास एखादे जुने रेडिओ मेकॅनिक असतील तर त्यांना गाठा. त्यांच्याकडे सेट तर न्याच, पण शेजारी बसायला एक स्टूलही मागा. भेटू पुढच्या भागात.