सरमेचा प्रश्न

परवा कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत मी सहज बोलून गेलो, की मुलीने घरी कुत्र्याचे पिल्लू आणले आहे. झाले! डबे उघडेपर्यंत सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. घरात मुतले की नाक त्यात घासा. चावले की नाकावर टिचकी मारा. एकजण तर अगदी ठामपणे म्हणाला, "लहानपणीच दोन फटके द्या, म्हणजे मालक कोण ते जन्मभर लक्षात राहील." शेवटी कोणीतरी ती म्हण काढलीच, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच!

मी काही बोललो नाही. इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या माणसाला एक खोड असते. कोणी "पूर्वीपासून असेच चालत आले आहे" म्हटले, की खरेच तसे चालत आले आहे का, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. म्हणून हा लेख.

आपल्या महाभारताची सुरुवात आठवून पाहा. आदिपर्वातली पौष्याची कथा. जनमेजय राजाचे सत्र चालले आहे. तिथे एक कुत्रा येतो आणि राजाचे भाऊ त्याला झोडपून काढतात. तो रडत आईकडे, सरमेकडे जातो. आई विचारते, तू काही आगळीक केलीस का? तो सांगतो, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, चाटले तर नाहीच. मग सरमा थेट यज्ञमंडपात येऊन राजाला विचारते, याचा अपराध काय होता? कोणाकडे उत्तर नसते. तेव्हा ती शाप देते, की तुमच्यावर न दिसणारे भय येईल. आणि याच महाभारताच्या शेवटाकडे, महाप्रस्थानिक पर्वात, युधिष्ठिर आपल्याबरोबर चालत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला नकार देतो. एवढा मोठा ग्रंथ, आणि त्याच्या एका टोकाला विनाकारण मार खाल्लेला कुत्रा, दुसऱ्या टोकाला न सोडलेला कुत्रा. आमच्या साखळीच्या दत्तमंदिरात हात जोडताना दत्ताच्या पायाशी बसणारे चार कुत्रे आपल्याला आठवतात, त्यांना आपण चार वेद मानतो. आणि बाहेर येऊन चपलांजवळ झोपलेल्याला लाथ घालतो. असो.

कुत्र्याला शिकवण्याचे शास्त्र म्हणून जे आज ओळखले जाते, त्याचा इतिहास मात्र फार जुना नाही. जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांचा. आणि गंमत म्हणजे त्याच्या आरंभीच दोन वाटा दिसतात. अमेरिकेत १८८०च्या दशकात एस. टी. हॅमंड नावाच्या शिकारी कुत्र्यांच्या जाणकाराने लिहिले, की कुत्र्याला 'मोडून' काढू नका, त्याला शिकवा, चाबूक बाजूला ठेवा आणि जमले की खाऊ द्या. म्हणजे प्रेमाने शिकवणे हे आजच्या लाडावलेल्या शहरी लोकांचे खूळ आहे, हा समज चुकीचा. पण त्याची वाट त्या काळी मागे पडली.

पुढे आली ती दुसरी वाट. जर्मनीत कोनराड मोस्ट हा पोलीस अधिकारी १९०६पासून पोलिसांसाठी कुत्रे तयार करत होता. १९१० साली त्याचे पुस्तक आले. कुत्रा शिकतो कसा, हे त्याला बरेच कळले होते, यात शंका नाही. पण काट्यांचा पट्टा, झटका आणि चाबूक ही त्याची मुख्य साधने. मग पहिले महायुद्ध आले, हजारो कुत्रे सैन्यात गेले, आणि शिकवणे म्हणजे कवायत हे समीकरण घट्ट झाले. दोन्ही महायुद्धांनंतर सैन्यातून परतलेले प्रशिक्षक नागरी वस्तीत शिकवू लागले आणि छावणीतली शिस्त घराघरातल्या पिल्लांपर्यंत पोचली. १९६२ साली अमेरिकेत विल्यम कोहलर याचे पुस्तक निघाले, ते खूप खपले. कुत्रा अंगणात खड्डे खणत असेल, तर खड्ड्यात पाणी भरून त्याचे तोंड त्यात बुडवा, असा सल्ला त्यात आहे! वाचताना मला सरमा आठवली.

आता विज्ञानाकडे वळू. पावलोव्हचे नाव शाळेत आपण सर्वांनी ऐकले आहे. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये तो पचनक्रियेवर काम करत होता. त्याबद्दल १९०४ साली त्याला नोबेल मिळाले. खाणे येण्याआधीच, नुसत्या खुणेवर कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्याने मोजून दाखवले. घंटेची गोष्ट आपण ऐकतो, पण तो मेट्रोनोमची टकटक, दिवे अशा कितीतरी खुणा वापरत असे. आम्हा गोवेकरांना हे समजायला प्रयोगशाळा नको. पहाटे पदेराच्या सायकलचा भोंपू वाजला, की वाड्यावरचा प्रत्येक कुत्रा कान टवकारून उठतो. पाव दिसायच्या आधी! भोंपूत खाण्यासारखे काही नाही, पण भोंपू म्हणजे पाव हे त्याला पक्के ठाऊक.

पावलोव्ह काही दयाळू प्रयोगकर्ता नव्हता. कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करूनच त्याने ही मोजणी केली, हेही सांगितले पाहिजे. पण त्याच्याच प्रयोगशाळेतली एक घटना मला फार महत्त्वाची वाटते. १९२४च्या सप्टेंबरात त्या शहराला, तेव्हाच्या लेनिनग्राडला, महापूर आला. पिंजऱ्यांत पाणी शिरले आणि कुत्रे बुडता बुडता वाचले. नंतर पाहिले तर काही कुत्र्यांचे आधी पक्के शिकलेले धडे विस्कटून गेले होते. भीतीने शिकलेले पुसले जाते, हे तेव्हाच दिसले होते.

त्याच सुमारास अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइकने दुसरी बाजू उजेडात आणली. १८९८च्या त्याच्या प्रबंधात मांजरे, कुत्रे यांना पेटीत कोंडून बाहेर पडायची कळ कशी सापडते, याचे प्रयोग आहेत. ज्या कृतीचा शेवट गोड, ती कृती पुन्हा होते, असे त्याचे सार. पुढे बी. एफ. स्किनरने हेच तत्त्व बारकाईने मांडले. त्याचे दोन विद्यार्थी, केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे जोडपे, १९४३च्या सुमारास युद्धकाळात त्याच्याबरोबर मिनियापोलिसच्या एका पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर कबुतरे शिकवत होते. युद्ध संपल्यावर या दोघांनी विद्यापीठाची वाट सोडली आणि १९४७ साली प्राणी शिकवण्याचा चक्क धंदाच काढला. कोंबड्या, डुकरे, कुत्रे, शंभराहून अधिक जातींचे हजारो प्राणी त्यांनी शिकवले, आणि तेही मुख्यतः खाऊ देऊन.

यातली युक्ती साधी आहे. कुत्रा बसला त्या क्षणी खाऊ हातात पोचत नाही. खिशातून काढेपर्यंत तो उठून उभा राहतो आणि बक्षीस उभे राहण्याला मिळते. म्हणून मधे एक आवाज ठेवायचा. पूर्वी जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळायचा, दाबला की टक्‌ वाजणारा, तसे खेळणे. आधी टक्‌ आणि खाऊ, टक्‌ आणि खाऊ, असे काही वेळा करायचे. तो आवाज म्हणजे पदेराचा भोंपू झाला! मग बरोबर कृतीच्या क्षणी टक्‌ करायचे, खाऊ दोन क्षणांनी दिला तरी चालतो. स्किनरने डिसेंबर १९५१मध्ये एका विज्ञान मासिकात हे घरगुती वाचकांसाठी लिहिलेसुद्धा. पण लोकांनी ते मनावर घेतले नाही.

मनावर घ्यायला लावले ते डॉल्फिनने. १९६०च्या दशकात हवाई बेटावर कॅरन प्रायर डॉल्फिन शिकवत होती. डॉल्फिनला पट्टा कसा बांधणार? त्याला मारणार कसे? रागावलात तर तो पोहत तलावाच्या पलीकडे जातो, संपले. तेव्हा शिट्टी आणि मासा एवढेच हत्यार, आणि तेवढ्यावर सगळे जमत होते. १९८४ साली तिने हा अनुभव पुस्तकात मांडला आणि १९९०च्या दशकात तो पत्र्याचा बेडूक 'क्लिकर' या नावाने कुत्र्यांच्या वर्गात शिरला. ज्या प्राण्याला मारता येत नाही, त्याने ज्याला मारता येते त्याची सुटका केली, असे म्हणायला हरकत नाही.

पिल्लांपुरती आणखी एक गोष्ट. स्कॉट आणि फुलर या दोघांनी अमेरिकेत मेन राज्यात अनेक वर्षे पाच जातींची पिल्ले वाढवून निरीक्षणे केली. १९६५ साली त्यांचे पुस्तक आले. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला जी माणसे, जे आवाज, जे प्राणी भेटतात, त्यांची त्याला पुढे भीती राहत नाही, असे त्यांना दिसले. पण त्या काळी शिकवणे सुरू होई सहाव्या महिन्यानंतर. कारण सरळ होते. गळ्याला झटके सोसायला मान तेवढी घट्ट हवी! १९८०च्या दशकात इयन डनबार या पशुवैद्याने कॅलिफोर्नियात लहान पिल्लांचे, पट्टा सोडून खेळत शिकायचे वर्ग काढले. झटका गेला तशी वयाची अटही गेली.

आता आमच्या सहकाऱ्याच्या 'मालक कोण' या मुद्द्याकडे येतो. त्याचे मूळ लांडग्यांत आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल याने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिले, की ते वर्चस्वासाठी सतत झगडतात. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाच्या १९७०च्या पुस्तकाने ही कल्पना दूरवर नेली. मग लोक म्हणू लागले, कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला उताणा पाडा, दाबून धरा, तुमचे राज्य दाखवा. पण बाझेलचे लांडगे कोंडलेले होते. रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरे, हे मेकला पुढे स्वतःच्या निरीक्षणात दिसले. १९९९ साली त्याने तसे स्पष्ट लिहिले आणि आपले जुने पुस्तक छापणे थांबवा म्हणून प्रकाशकाला विनवले. स्वतःचे म्हणणे चुकले, हे इतक्या उघडपणे सांगणारा विद्वान विरळाच.

आणि अलीकडचे संशोधन तर आपल्या जुन्या ओळखीच्या पोर्तुगालचे आहे. पोर्तो शहरातल्या ७ प्रशिक्षण शाळांतल्या ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काही शाळा खाऊ आणि खेळ देऊन शिकवणाऱ्या, काही झटके-धाकाने. पावलोव्हने मोजली तशी इथेही लाळच तपासली, पण या वेळी कापसावर टिपून. धाकाच्या शाळांतल्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर ताणाचे द्रव्य अधिक वाढलेले सापडले. मग त्यांना एक कोडे घातले. एका बाजूच्या भांड्यात नेहमी खाऊ, दुसऱ्या बाजूच्या भांड्यात कधीच नाही. आता भांडे मधोमध ठेवले तर? ज्या शाळांत धाक सर्वांत जास्त, तिथले कुत्रे त्या भांड्याकडे बिचकत, सावकाश गेले. त्यांना आशाच कमी होती. २०२१ साली अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यांच्या संघटनेने सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात, असे जाहीर केले. वेल्समध्ये तर विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर २०१०पासूनच बंदी आहे. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात प्राण्याला विनाकारण यातना होतील असे मारणे हा गुन्हाच आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला होता, दहा ते पन्नास रुपये.

वाचकहो, इथवर आलात तर आता माझा दाखला सांगतो. मी बारा-तेरा वर्षांचा असताना आमच्या घरी टायगर नावाचा कुत्रा होता. एकदा तो सबंध रात्र बाहेर राहिला. सकाळी मी हाक मारली, तसा शेपूट हलवत धावत आला. मी पेरूच्या शिपटीने त्याला बडवले. रात्री भटकल्याची शिक्षा, असे माझ्या मनात. त्याच्या हिशेबात मात्र ती हाकेला धावत आल्याची शिक्षा होती. पुढे एक-दोनदा पुन्हा तसेच घडले. त्यानंतर हाक मारली की तो येई, पण दहा पावलांवर थांबून माझ्या हाताकडे बघे. एका संध्याकाळी तो रस्ता ओलांडून येत होता. समोरून गाडी येताना मी पाहिली आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "टायगर, ये!" तो थांबला. रस्त्याच्या मधोमध थांबून माझ्या हाताकडे बघत राहिला.

तो वाचला. पण मागचा पाय गेला तो गेलाच. पुढे सहा वर्षे तो आमच्या अंगणात लंगडत होता आणि घरातले सगळे गाडीवाल्याला दोष देत होते. मी गप्प राहत असे. याचा अपराध काय होता, हा सरमेचा प्रश्न मी कॉलेजात वाचला, तेव्हा तो जनमेजयाला विचारलेला आहे असे मला वाटलेच नाही.

म्हणून आमच्या घरात आता एकच नियम कडक आहे. हाकेला आलेल्या पिल्लाला कधीही रागवायचे नाही, मग ते चप्पल फाडून आलेले असो. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर ते लगेच अंगणात जाते आणि तिथे कार्यभाग उरकला की उकडलेल्या कोंबडीचा शेंगदाण्याएवढा तुकडा मिळतो. आत चुकले तर फडके माझ्या हातात, कारण वेळ चुकली ती माझी. चावायला लागले की खेळ थांबतो. तीन आठवड्यांत फडके बरेचसे कोरडे राहू लागले आहे. मुलगी तोंडानेच टक्‌ करते, तिला पत्र्याचा बेडूक लागत नाही.

आणि त्या म्हणीचे काय? तिच्यातही थोडे तथ्य आहे. ब्रेलंड दांपत्याने १९६१ साली प्रामाणिकपणे लिहिले, की प्राण्याचा उपजत स्वभाव कधी कधी शिकवणीवर मात करतो. त्यांचा रॅकून नाणी पेटीत टाकण्याऐवजी हातात घासत बसे, जणू मासा धुतो आहे. खणणे, चावणे, हुंगणे हे कुत्र्याचे असेच. ते नळीत घालून सरळ होणार नाही, त्याला वाट करून द्यावी लागते. शेपूट वाकडे आहे तर असू दे. मी संध्याकाळी फाटक उघडतो तेव्हा ते हलते की पायांत जाते, एवढेच मी आता बघतो.