रेडक्रॉस कोणाची?

मागच्या भागात पुराच्या मदतीचा विषय निघाला, तेव्हा एका ताईंनी विचारलं, "ही रेडक्रॉस म्हणजे सरकारी खातं का? की दवाखान्याची गाडी?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आमच्यापैकी बहुतेकींना रेडक्रॉस म्हणजे औषधाच्या दुकानावरचं लाल अधिकचं चिन्ह, एवढंच ठाऊक. मग वाचलं, जाणत्यांना विचारलं. तेच आज सांगतो.

पहिले त्या चिन्हाचं. दुकानाच्या पाटीवर ते लावायला परवानगीच नाही! आपल्याकडे १९६० चा कायदा आहे. लढाईत जखमींना उचलणाऱ्यांवर गोळी झाडू नका, हे सांगायला ते चिन्ह आहे. ज्याने त्याने पाटीवर रंगवलं तर त्याची किंमत काय राहील?

गोष्ट सुरू होते इटलीत. २४ जून १८५९ ला सोल्फेरिनो गावाजवळ मोठी लढाई झाली. हेन्री ड्युनंट नावाचा स्वित्झर्लंडचा व्यापारी आपल्या कामासाठी तिकडे गेला होता. शेजारच्या कास्तिल्योने गावात जखमींचे ढीग आले. देवळात, अंगणात, रस्त्यावर माणसं विव्हळत पडलेली. गावच्या बायांनी पाणी आणलं, जखमा धुतल्या, चिंध्या फाडून पट्ट्या बांधल्या. शिपाई आपल्या बाजूचा की शत्रूचा, हे विचारलं नाही. 'सगळे भाऊच' म्हणत राहिल्या. ड्युनंटने १८६२ मध्ये यावर पुस्तक लिहिलं, पुढच्याच वर्षी जिनिव्हात समिती उभी राहिली आणि १९०१ मध्ये त्याला शांततेचं पहिलं नोबेल मिळालं. पाणी पाजणाऱ्या बाया मात्र पुस्तकात नुसत्या 'गावच्या बाया' राहिल्या.

आपल्या देशात ही संस्था कायद्याने आली ती मार्च १९२० मध्ये. पहिल्या महायुद्धात शिपायांसाठी मदत गोळा करणाऱ्या मंडळींचं काम आणि उरलेला पैसा तिच्याकडे आला. तेव्हा आपलं यवतमाळ वऱ्हाडात, आणि कारभार नागपूरहून. दोनच वर्षांपूर्वी, १९१८ मध्ये, मानमोडीची साथ येऊन गेली होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला तिचा तडाखा फार मोठा बसला. आपल्या पणज्यांच्या तोंडी ते नाव असायचं. अशा वेळी संस्था फक्त शिपायांपुरती ठेवून कसं चाललं असतं? कायद्यातच क्षयाचे रोगी, लहान मुलांची काळजी, दवाखान्यांसाठी कपडे शिवणारी मंडळं, अशी कामं जोडली होती. १९३१ मध्ये बाळंतिणी आणि बालकांसाठी वेगळा विभाग झाला. दायांना शिकवण्याचा जुना निधीही त्यातच मिळाला. मळक्या पात्याने नाळ कापली की बाळाला धनुर्वात व्हायचा, म्हणून दाईला शिकवणं हे औषधाइतकंच मोठं काम होतं.

आता खुर्चीचं. इंग्रजांच्या काळात अध्यक्ष व्हाइसरॉय, स्वातंत्र्यानंतर राष्ट्रपती. त्यांच्या खाली कारभार पाहणारं मंडळ, आणि त्याच्या प्रमुखपदी १९५० पासून १९६४ मध्ये वारल्या तोपर्यंत होत्या राजकुमारी अमृत कौर. या बाई आपल्या शेजारच्याच म्हणा ना! कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या, विलायतेत शिकलेल्या, पण वर्धा नदीपलीकडच्या सेवाग्रामात गांधीजींच्या सेक्रेटरी म्हणून कितीतरी वर्षं राहिल्या. पडदा आणि बालविवाहाविरुद्ध लढल्या, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेल्या. १९४७ मध्ये देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या आणि दहा वर्षं ते खातं सांभाळलं. दिल्लीचं 'एम्स' उभं राहिलं त्यामागे त्यांचाच जोर. आम्हाला वाटतं, महालापेक्षा आश्रमातच त्यांना खेड्यातलं दुखणं जवळून दिसलं असेल.

आज राज्यात राज्यपाल आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात. हे ऐकून आमच्यातल्या एकीने नाक मुरडलं, "म्हणजे साहेबांचीच ना?" तिचं अगदीच चूक नाही. साहेबांची बदली झाली की अध्यक्ष बदलतो. पण पुरात बोटी, ट्रक, धान्य हलवायचं तर त्यांच्याच शब्दाने लवकर हलतं, हेही खरं. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढलं, तेव्हा हवाई दलाचं हेलिकॉप्टर आलं होतं. तसलं काम तुमच्या-आमच्या हातचं नाही.

हातचं आहे ते दुसरंच. वर्गणी भरून कोणीही बाई रेडक्रॉसची सदस्य होऊ शकते. याचं महत्त्व आम्हाला एका पावसाळ्यात कळलं. आमच्या गावात पाणी शिरलं, आम्ही शाळेत राहिलो. तिसऱ्या दिवशी एका ठिकाणाहून मदत आली. घोंगड्या, बिस्किटं, पुरुषांचे शर्ट, सगळं होतं. पाळीच्या दिवसातल्या बायांसाठी कोरडं कापडसुद्धा नव्हतं. आणणारी माणसं भली होती. पण यादी करताना तिथे एकही बाई बसलेली नव्हती.

आमच्या बचत गटातल्या चौघींनी सदस्य व्हायचं ठरवलं आहे. प्रथमोपचाराचं प्रशिक्षणही मागणार आहोत, कारण कापूस वेचताना साप चावला की अजूनही आपण आधी दोरी शोधतो. दोरी करकचून बांधायची नसते, चावलेली जागा कापायची नसते. हातपाय हलू द्यायचा नाही आणि तडक दवाखाना गाठायचा. फॉर्म आणायला येत्या सोमवारी यवतमाळला जातो आहोत. कोणाला सोबत यायचं असेल तर सकाळच्या गाडीला या.