परिचर्येतील सहकारी परीक्षण

परिचारिकेच्या कामाची पाहणी तिच्याच दर्जाच्या, तेच काम रोज करणाऱ्या दुसऱ्या परिचारिकेने ठरलेल्या निकषांवर करणे, म्हणजे सहकारी परीक्षण किंवा पियर रिव्ह्यू. वरिष्ठांचा गोपनीय अहवाल बढती-बदलीसाठी असतो. इथे प्रश्न एवढाच, की रुग्णाची शुश्रूषा नीट झाली का.

अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९८८मध्ये यासाठी मार्गदर्शक सूत्रे दिली. परीक्षक समान दर्जाची हवी आणि अभिप्राय निनावी नको, ही त्यांतली दोन महत्त्वाची. ब्रिटनमध्ये २०१६पासून दर तीन वर्षांनी नोंदणी टिकवताना परिचारिकेला कामावरचे पाच अभिप्राय आणि पाच चिंतन-नोंदी तयार ठेवाव्या लागतात, शिवाय नोंदणीकृत सहकाऱ्याशी त्यांवर चर्चा करावी लागते.

याची गरज किती आहे ते बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेकडे पाहिले की पटते. शासकीय मनोरुग्णालय आणि १९५४ची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था एकत्र येऊन १९७४मध्ये निम्हान्स उभी राहिली. मनोरुग्ण परिचर्येचे शिक्षण देणारी ही देशातली अग्रगण्य संस्था. या शाखेत सगळ्यांत नाजूक बाब रुग्णाला बांधून ठेवण्याची. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७च्या कलम ९७नुसार एकांतात कोंडणे निषिद्ध आहे. तातडीची इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने बांधता येते. पद्धत, कारण आणि कालावधी नोंदवावा लागतो, नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवावे लागते.

सहकारी बांधून ठेवलेल्या रुग्णाची फाइल उघडते तेव्हा सही-शिक्क्यापलीकडचे शोधते. आधी बोलून शांत करायचा प्रयत्न झाला होता का? मनगटाखाली बोटे गार पडली नाहीत ना, हे कोणी आणि किती वाजता पाहिले? पाणी, लघवी विचारली का? रात्रपाळीच्या नोंदी एकाच हाताने, एकाच वेळी भरल्यासारख्या दिसतात का? हे प्रश्न ज्याने वॉर्ड सांभाळला आहे त्यालाच सुचतात. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणारे रुग्ण आणि केरळहून आलेल्या अनेक परिचारिका असलेल्या बंगळुरूत आणखी एक मुद्दा तपासायलाच हवा: घरी जाताना औषधाच्या सूचना रुग्णाला कळतील अशा भाषेत दिल्या का?

इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराइड यांसारख्या जोखमीच्या औषधांचा डोस दुसऱ्या परिचारिकेने स्वतंत्रपणे ताडून पाहण्याची पद्धत हेही याच विचाराचे रोजचे रूप. 'तू बघितलंस ना, मग मी सही करते' असे झाले, की या पद्धतीचा अर्थच संपतो.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २००६च्या आचारसंहितेत उत्तरदायित्वाचा स्वतंत्र भाग आहे. २०२३च्या राष्ट्रीय परिचर्या व सूतिका आयोग कायद्याने नीतिमत्ता आणि नोंदणीसाठी वेगळे मंडळ ठरवले. पण वॉर्डातले परीक्षण मुख्यतः रुग्णालयांच्या इच्छेवर अवलंबून आहे. दर पाळीला माणसे कमी, त्यात चूक उघडी पडली की मेमो मिळणार ही धास्ती. अशा ठिकाणी सहकारी एकमेकींना झाकून घेतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हणून परीक्षणाची कागदपत्रे शिस्तभंगाच्या फाइलपासून वेगळी ठेवणे, परीक्षणाचा वेळ ड्यूटीतच धरणे आणि गंभीर गैरवर्तनाची तक्रार मात्र राज्य परिचर्या परिषदेकडे नेणे, ही त्रिसूत्री रुग्णालयांनी आधी ठरवायला हवी.